कोलकासला मुक्काम ठरलाय : जिप्सी सफारीखेरीज आसपास काय बघावं?

घोडबंदरवासी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेळघाटात, कोलकासच्या वनविश्रामगृहात तीन रात्री मुक्काम ठरलाय. आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७१, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: सकाळची जिप्सी, संध्याकाळची जिप्सी, दिसला वाघ तर नशीब. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. इतक्या लांब डोंगरात, नदीच्या काठावर राहायला जायचं आणि उरलेला दिवस खोलीत लोळून काढायचा? घोडबंदर रोडच्या गर्दीतून सुटून निघालोय, तर ती जागा नीट कळावी अशी फार इच्छा आहे. आसपास पायी कुठे फिरता येतं, कुठे नाही? कोरकू आदिवासींच्या गावांत गेलेलं चालतं का? चिखलदरा एका दिवसात होतो का? सासूबाईंना झेपेल आणि लेक रमेल असं काय आहे? शिवाय ठाण्याहून गाडीनं जावं की रेल्वेनं? सविस्तर लिहा, अजून वेळ आहे हाताशी.

वाट_पाहणारी
वाचतेय. आमचंही जानेवारीत घाटतंय, त्यामुळे इथेच ठाण मांडून बसते.

परतवाडाकर_नेरूळ
ताई, जन्म परतवाड्याचा आणि नोकरी इकडे, त्यामुळे हा धागा दिसल्यावर राहवलं नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी रस्ता डोक्यात बसवा. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगवरून घाट चढतो, मग सेमाडोह, मग कोलकास, पुढे हरिसाल आणि धारणी. सगळी सातपुड्याची गाविलगड रांग. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या इथल्या पाच नद्या शेवटी तापीलाच मिळतात. तुमचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर, उंचवट्यावर आहे. नदी वरूनच दिसते.

आता पायी फिरण्याचं. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. गाभा क्षेत्रात पर्यटकांनी पायी फिरायचं नाही, म्हणजे नाही. वनखात्यानं ठरवून दिलेल्या वाटांवर मात्र वाटाड्या बरोबर घेऊन जाता येतं. कोणती वाट चालू आहे ते पोचल्यावर सेमाडोहला किंवा कोलकासच्या कचेरीत विचारा. वाटाडे बहुतेक कोरकू पोरं असतात. त्यांना "वाघ दाखव" म्हणू नका. "तुला काय दिसतंय ते सांग" म्हणा, मग बघा.

मी एकदा असाच गेलो होतो. वाटाड्या एका वारुळापाशी थांबला. वारूळ बाजूनं फोडलेलं, आत हात जाईल एवढं भोक, कडेला नखांचे लांब ओरखडे. अस्वल आधी फुंकर मारून माती उडवतं आणि मग तोंड लावून वाळवी ओढून घेतं, हे त्यानं वाकून करून दाखवलं. पुढे एका झाडाच्या बुंध्यावर तेच ओरखडे वर वर गेलेले, वर मधाचं पोळं होतं. आणखी पुढे वाटेवर विष्ठा, नुसत्या बोराच्या आठोळ्या भरलेल्या. वाटाड्यानं काडीनं त्या बाजूला करून किती ताजी आहे तेही सांगितलं. सकाळभर चालून आम्ही जेमतेम किलोमीटरभर गेलो असू. अस्वल काही दिसलं नाही, पण त्याचा आदल्या दिवसाचा सगळा कार्यक्रम कळला.

वाघ_एके_वाघ
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लहान मुलीला घेऊन पहिल्यांदा जंगलात जाताय तर ताडोबाला जा. मेळघाटात डोंगर, दऱ्या, दाट गवत, त्यामुळे वाघ असूनही दिसत नाही. माझ्या पुतण्यांना तिथे नेलं तर परतीच्या वाटेवर दोघांचे चेहरे पडलेले. मुलांना काहीतरी ठोस दिसावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी जंगल म्हटलं की नाक मुरडतात.

सानपाड्याची_मास्तरीण
@वाघ_एके_वाघ, मुलांचा चेहरा कशानं पडतो हे आपण त्यांना काय सांगून नेलं यावर असतं हो. मी शाळेतल्या मुलांना घेऊन सेमाडोहला गेले आहे. निघतानाच सांगितलं होतं की आपण ठसे, पिसं, पानं आणि आवाज गोळा करायला चाललोय, आणि गोळा वहीत करायचे, पिशवीत नाही. एका मुलीला सागाचं जाळी झालेलं पान सापडलं. एक बारीक अळी पानाचा हिरवा भाग खाऊन टाकते आणि शिरा तेवढ्या ठेवते. त्या पानातून सूर्य बघत ती कितीतरी वेळ उभी होती. माकडं दिसली तेव्हासुद्धा तिनं वर पाहिलं नाही.

सेमाडोहला वनखात्याचं निसर्ग माहिती केंद्र आहे, ते पहिल्याच दिवशी बघा. तिथे ठसे नीट पाहून घेतले की पुढचे दिवस लेक जमिनीकडे बघत चालेल.

वाघ_एके_वाघ
मान्य, तयारी करून नेलं तर फरक पडत असेल. तरी माझं मत आहे तिथेच आहे. :)

येऊरचा_पिंगळा
पक्ष्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेळघाट म्हणजे रानपिंगळ्याचं, एका छोट्या घुबडाचं घर. या पक्ष्याची गोष्ट लेकीला गाडीतच सांगा. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर तो कुणाला खात्रीनं सापडला नाही. १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, पण तो दुसऱ्याच संग्रहातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. त्या खोट्या जागेमुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. ती लबाडी उघडकीला आणणाऱ्या पक्षीतज्ज्ञ पामेला रॅसमुसेन आणि त्यांचे सहकारी मग खऱ्या जुन्या जागांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडे, शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्या समोर बसलेला होता. ११३ वर्षांनी!

हा दिवसा वावरतो, म्हणून कुटुंबासाठी सोयीचा. उघड्या सागाच्या रानात निष्पर्ण फांदीवर बसतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. आपल्या सोसायटीतल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी. पोट पांढरं स्वच्छ. एक कळकळीची विनंती: मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो बिचारा हद्दीवर दुसरा नर आला समजून शिकार सोडून धावत येतो, आणि पिल्लं घरट्यात असली तर ती उपाशी राहतात.

अवांतर : २०१४ मध्ये हाच रानपिंगळा आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यात सापडला. सातशे किलोमीटर जायच्या आधी शहापूरकडे एक पहाट काढून या.

कोपरी_कॉलनी
तानसा, येऊर सगळं आपल्या दाराशी आहे आणि आपण विदर्भात चाललोय! २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये येऊरला आठ वर्षांनी फुलणारी कारवी फुलली तेव्हा किती ठाणेकर गेले होते, हात वर करा. पुढच्या बहराला २०३२ उजाडेल बहुतेक.

येऊरचा_पिंगळा
@कोपरी_कॉलनी दोन्ही हात वर. आणि दोन्हीकडे जावं ना, एकानं दुसरं कमी होत नाही.

घोडबंदरवासी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वारुळाचं वाचून लेकीनं मला विचारलं की अस्वलाच्या नाकात वाळवी जात नाही का. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी अडकलेय.

येऊरचा_पिंगळा
नाही जात. अस्वलाला नाकपुड्या हवं तेव्हा मिटून घेता येतात. शिवाय वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी ओढतं. तो ओढण्याचा आवाज बराच लांब ऐकू येतो.

परतवाडाकर_नेरूळ
हाव, खरं आहे. रात्री शांततेत तर फारच. पण तो आवाज आला की तिकडं जायचं नाही, मागे फिरायचं. मेळघाटात माणसाला खरी भीती अस्वलाची. वाघ बाजूला होतो, अस्वल दचकतं आणि अंगावर येतं. म्हणून वळणांवर, झुडपांत शिरताना बोलत चाला, आणि अंधार पडल्यावर आवाराबाहेर पाऊल नको. सिपनेच्या डोहात उतरायचाही मोह टाळा. मेळघाटातल्या काही डोहांत १९९० च्या सुमारास मगरी आणून सोडल्या होत्या. काठावर बसून पाहा, पाय बुडवायला विश्रामगृहातला नळ आहे.

जुना_भटक्या
चिखलदऱ्याबद्दल. एका दिवसात जाऊन येता येतं, पण रस्ता घाटाचा, त्यामुळे अख्खा दिवस त्यालाच द्या. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट हे सगळे करतातच. सासूबाई गाडीतून उतरून चार पावलांत दरी बघू शकतील. भीमानं कीचकाला मारून दरीत लोटलं ती हीच जागा, असं तिथे सांगतात, सासूबाईंना आवडेल. मोथ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरी लावतात आणि चिखलदऱ्याच्या उंचीवर कॉफीही होते. रबडी मात्र सोडू नका. डोंगरावर गवळ्यांच्या म्हशी आहेत, दूध दाट असतं, आणि ती रबडी आपल्या इकडच्यासारखी नुसती गोड नसते, तिला धुराचा किंचित वास असतो.

पण माझा जीव गाविलगडात आहे. चिखलदऱ्यापासून अगदी जवळ. दरवाजांवर शार्दूल आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत, ते जवळ जाऊन, दगडावर तिरपं ऊन असताना बघा. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. दक्षिणेकडून कडा सरळ तुटलेला, तिथून चढणं अवघड, म्हणून इंग्रजांच्या स्टीव्हन्सनच्या फौजेनं जड तोफा उत्तरेकडून, याच जंगलातल्या डोंगरवाटांवरून ओढत आणल्या. १५ डिसेंबर १८०३ ला किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. तुम्ही नेमक्या डिसेंबरमध्ये चाललाय. घटांगच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हायला लागली की त्या तोफा ओढणाऱ्या बैलांचा आणि माणसांचा विचार करा. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली लक्षात राहिला, ती माणसं कुणाच्या गणतीत नाहीत.

किल्ला आतून अफाट पसरलाय, गवत डोक्याएवढं असतं. सासूबाईंना पहिल्या दरवाजापर्यंतच न्या. नर्नाळा मात्र या फेरीत नको, तो अकोटच्या बाजूनं आहे, वेगळा काढा.

वाशी_सेक्टर_सतरा
हत्तीबद्दल कुणी बोललंच नाही. कोलकासला वनखात्याचे हत्ती आहेत, त्यांच्यावरून फेरी मिळते. लेक आयुष्यभर विसरणार नाही.

सानपाड्याची_मास्तरीण
माझा त्याला विरोध आहे. हत्तीच्या पाठीवर लाकडी हौदा आणि चार-चार माणसं, त्याच्या कण्याला ते सोसत नाही. गस्तीसाठी माहूत एकटा बसतो ती गोष्ट वेगळी.

वाशी_सेक्टर_सतरा
ताई, हे हत्ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांत वाढलेले आहेत, माहूत त्यांना घरच्यासारखं सांभाळतात. फेरीचे पैसे त्यांच्या चाऱ्याला जात असतील तर वाईट काय?

परतवाडाकर_नेरूळ
दोघांचंही ऐकून घेतलं. माझं म्हणाल तर बसू नका, सकाळी माहूत हत्तींना नदीवर नेतात तेव्हा विचारून लांबून पाहा. माहूत नारळाच्या किशीनं त्याचं कातडं घासतो, कानामागे घासताना हत्ती डोळे मिटतो. फेरीपेक्षा लेकीला ते जास्त आवडेल. माहुताशी बोला, त्याच्याकडे जंगलाची जेवढी माहिती आहे तेवढी कुठल्याच पाटीवर लिहिलेली नाही.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो
जायचं कसं यावर. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, जून २०२५ मध्ये सुरू झाला, म्हणजे आता भिवंडीजवळच चढता येतं. पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटर. कारंजा लाडला उतरून मूर्तिजापूर, दर्यापूर करत परतवाडा. निघायच्या आधी टायर तपासा, हवा थोडीही कमी-जास्त नको. सिमेंटच्या रस्त्यावर सरळ १२० नं तासन्‌तास गेलं की टायर तापतात आणि चालवणाऱ्याचा डोळा लागतो. दर दोन तासांनी थांबा, घाई असली तरी थांबा.

कोपरी_कॉलनी
सासूबाई आहेत तर रेल्वेच बरी. अमरावती एक्स्प्रेसमध्ये रात्री आडवं व्हायचं, सकाळी अमरावती. तिथून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, गाडी भाड्यानं मिळते. ताजेतवाने होऊन घाट चढाल.

जुना_भटक्या
रेल्वेवरून आठवलं. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी मेळघाटाच्या कडेनं जायची. धूळघाटला रूळ स्वतःवरूनच वळसा घेऊन चढायचे, खिडकीतून आपल्याच गाडीचा मागचा डबा खाली दिसायचा. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. रुंद रूळ करायचे तर मार्ग वान अभयारण्यातून न्यायचा की बाहेरून, यावर मोठा वाद झाला. त्या गाडीवर माझं प्रेम होतं, तरी मार्ग जंगलाबाहेरूनच जावा असं मला मनापासून वाटतं.

नौपाड्यातला_डॉक्टर
दोन गोष्टी सांगतो. सासूबाईंची औषधं मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची घ्या. हरिसालला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर घाट उतरून परतवाडा गाठावं लागतं. डिसेंबरमध्ये पहाटे थंडी कडक असते, उघड्या जिप्सीत गुडघे आखडतात. त्यांना पहाटेची सफारी नको, दुपारची द्या.

दुसरं, मेळघाटचं नाव आपण वर्षानुवर्षं कुपोषणाच्या बातम्यांत वाचलंय. बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे या डॉक्टर जोडप्यानं कित्येक वर्षं काढली, २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. पर्यटक म्हणून जाताना हा भाग डोळ्याआड करू नका एवढंच. गावात दिसणारं मूल फोटोसाठी गोंडस म्हणून उभं नसतं.

सानपाड्याची_मास्तरीण
डॉक्टरांशी पूर्ण सहमत. कोरकू गावांबद्दल विचारलं होतंत म्हणून लिहिते. घरांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये रुंद, झाडून स्वच्छ केलेला रस्ता, अशी गावाची ठेवण. रस्ता सगळ्यांचा असला तरी तो त्यांच्या अंगणासारखाच वापरतात, त्यामुळे वाटाड्याबरोबर जा, कुणी बाहेर बसलं असेल तर रामराम करा, मगच पुढे. फोटो विचारून. मुलांना चॉकलेटं वाटू नका. आपण वाटून निघून येतो आणि पुढच्या गाडीमागे ती मुलं रस्त्यावर धावतात, वळणाचा रस्ता आहे. द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेत शिक्षकांकडे द्या.

घरोघरची भाषाही ऐका. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, झारखंडच्या मुंडारी-संथाळीच्या कुळातली आहे. कोदो-कुटकी ही भरड धान्यं विकत मिळाली तर घ्या, भातासारखी शिजतात. आणि धारणीकडे गेलात तर लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र बघा. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी ते उभं केलं. लेकीला तिथे कारागिरांचे हात बघायला मिळतील.

वाट_पाहणारी
होळीला गेलं तर? ऐकलंय की तेव्हा मेळघाट वेगळाच असतो.

परतवाडाकर_नेरूळ
होळी म्हणजे कोरकूंची दिवाळीच. पुढचे काही दिवस रस्त्यावर दोरी धरून, नाचत फगवा, म्हणजे होळीचे पैसे मागतात. सुट्टे पैसे ठेवा, काच खाली करा, हसून द्या. गावोगाव मेघनाथाची पूजा होते. पण तोच काळ मोह वेचण्याचा आणि वणव्यांचा. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा फिरला की आग पसरते, मग वनमजूर रात्र-रात्र झाडाच्या फांद्यांनी ती झोडपून विझवतात. तेव्हा येणाऱ्यांनी जंगलात काडी ओढायची नाही, हे हात जोडून सांगतो.

घोडबंदरवासी
सगळं घरी वाचून दाखवलं. आता असं ठरतंय: रेल्वेनं अमरावती, तिथून गाडी. पहिल्या दिवशी वाटेत सेमाडोहचं माहिती केंद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि लेक वाटाड्याबरोबर पायी, दुपारी सगळे मिळून एकच सफारी. तिसरा दिवस चिखलदरा आणि गाविलगड. उरलेला वेळ सिपनेच्या काठावर, कुठेही न जाता. हत्तीवर बसणार नाही, लेकीनंच सांगितलं. एकच राहिलं: सासूबाई आवारात बसून काय बघू शकतील? त्यांना "तुम्ही थांबा, आम्ही येतो" म्हणणं माझ्या जिवावर येतं.

परतवाडाकर_नेरूळ
ताई, सगळ्यात जास्त त्यांनाच दिसेल, लिहून घ्या. सकाळी ऊन आल्यावर नदीच्या बाजूला खुर्ची टाकून द्या, जवळ दुर्बीण. समोरच्या काठावर पाण्यावर उतरणारी चितळं, सांबर, मोर, कधी गवे. वानरं झाडावर खाकरायला लागली किंवा चितळानं कुईं केलं की हाका कुठल्या बाजूनं येतात ते बघायला सांगा, बिबट्या किंवा वाघ चाललेला असतो. पलीकडच्या उतारावर हिवाळ्यात पानं झडलेलं, पांढऱ्या गुळगुळीत खोडाचं झाड दिसेल, ते कांडोळ. खानसाम्याला दुपारी वेळ असतो, त्यानं तिथे बऱ्याच गोष्टी पाहिल्यात. सासूबाईंनी विचारलं तर तासभर सांगेल.

आणि परतवाड्यातच पेट्रोलची टाकी भरून घ्या, रोख रक्कम जवळ ठेवा, मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नका. अंधार पडायच्या आत पोचायचं.

वाघ_एके_वाघ
परत आल्यावर इथे लिहाच. वाघ दिसला तरी लिहा, नाही दिसला तरी.

वाट_पाहणारी
@परतवाडाकर_नेरूळ, खानसाम्याला शिधा आपण न्यायचा की तिथे मिळतो?

परतवाडाकर_नेरूळ
बुकिंगच्या वेळी विचारून घ्या, नियम बदलत असतात. मी भाजी आणि दूध परतवाड्याच्या बाजारातून नेतो. वांगी तिथलीच घ्या, हिवाळ्यात फार चांगली मिळतात.